नेहमी यानेच उघडा

सोमवारी उद्यमनगर बंद.
भट्ट्या गार, गल्लीत जळक्या वाळूचा वास तेवढा शिल्लक.
मी शटर अर्धं वर करून आत,
कारण मंगळवारी सकाळी
पंपाच्या हाउसिंगचं ड्रॉईंग
इलाहीचाचांच्या डोळ्यांपुढं पाहिजे.

शेठच्या भाच्यानं संगणकावर लिनक्स घातलं,
फुकट हाय, व्हायरस न्हाई, म्हणाला,
आणि पुण्याला गेला नोकरीला.
तेव्हापासून ड्रॉईंगवर दोनदा टिचकी मारली
की रेघ नाही, वर्तुळ नाही,
नुसती लिहायची पाटी उघडते
आणि तिच्यावर आकडे, एकाखाली एक,
सहा महिन्यांचा मटका उतरवून काढल्यासारखे.
फोटो बघायला जावं तर
रंगवायचा अवाढव्य प्रोग्राम जागा होतो,
तो डोळे चोळेस्तोवर चहा पिऊन कप धुऊन होतो.
बिलं ब्राउझरमध्येच उघडतात.
का, ते कुणाला माहीत नाही.
कुणीतरी कधीतरी घाईत 'हो' म्हटलं असणार.

भडंगाची पुडी कीबोर्डापासून लांब ठेवून
दुपारभर शोधलं.
तर असं असतं:
टिंबाच्या पुढचं ते फाईलचं आडनाव.
संगणक ते बघतो
आणि हिला कुणाच्या दारात पाठवायचं ते ठरवतो.
आडनावच नसलं
तर आत डोकावतो,
सुरुवातीची चार अक्षरं वाचतो, मग ठरवतो.

राजारामपुरीत भाड्यानं खोली बघताना
तीन घरांत मला पूर्ण नाव विचारलं.
माझं नाव सांगून झालं तरी
त्यांचे कान पुढच्या शब्दासाठी थांबलेले.
आत कुणी डोकावलं नाही.

असो.
उजवी टिचकी. गुणधर्म. यासह उघडा.
यादीत ड्रॉईंगचा प्रोग्राम होता की,
पहिल्या दिवसापासून होता,
त्याला कुणी हाक मारली नव्हती एवढंच.
नेहमीसाठी ठेवू? ठेव.
आणि मग ती यादीही सापडली,
घरच्या फोल्डरात, टिंबामागं लपलेल्या कप्प्यात:
डावीकडं फाईलची जात,
मध्ये बरोबरची खूण,
उजवीकडं तिला उघडणाऱ्याचं नाव.
बस्स. साधा मजकूर.
बॅकस्पेसनं पुसता येतो.
इतकं सोपं बघून मला आधी
रागच आला.

मंगळवारी चाचा आले, चष्मा पुसला.
पडद्यावर हाउसिंग, काळ्यावर पांढरं, भोकांसकट.
मला वाटलं खूश होतील.
"त्यो आकड्यांचा कागद कुठं घालवलास?"
महिनाभर ते तो वाचत होते!
"दहाखाली आडवं माप, वीसखाली उभं,
सर्कल लिवलंय तिथं चाळीसखाली रेडियस.
कुणी शिकवाय कशाला लागतंय,
दोन दिवस बघत बसलो, कळलं."
आणि खिशातली आकसपट्टी काढून
सागवानावर खुणा करत होते,
ती पट्टी, जिच्यावर शंभर म्हणजे एकशे एक,
कारण बीड गार होताना आखडतं
आणि लाकडानं ते आधीच धरून चालायचं असतं.

मी दाखवलं: उजवी टिचकी मारा,
जुनं दारही आहे, मोडलेलं नाही.
त्यांनी दोनदा करून बघितलं.

तेवढ्यात शिरोलीचे हेरवाडे दारात.
माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाले,
"कोण हाय का?"
मी आहे, म्हटलं.
"न्हवं, गडीमाणूस कोण?
कास्टिंगचा दर इचारायचा हुता."
चाचांनी कानावरची पेन्सिल काढली,
मान वर न करता म्हणाले,
"तिलाच इचारायचं. नेहमी."

किलोचा दर सांगितला, मशिनिंग वेगळं.
हेरवाड्यांनी डायरीत लिहून घेतला
आणि तरी एकदा चाचांकडं बघितलं.
चाचा लाकूड तासत होते.